फील्ड्सकाका

शिकागो आणि त्याच्या भोवतालच्या उपनगरांत मराठी माणसाच्या काही ठळक जाती आढळतात. नाटकवाले आहेत, ढोलताशावाले आहेत, ‘आम्ही आठ डॉलर घेऊन आलो’वाले तर आहेतच. ह्या सगळ्यांहून वेगळी, चिवट आणि आता संख्येनं रोडावत चाललेली आणखी एक जात आहे. तिला आम्ही फील्ड्सकाका म्हणतो.

फील्ड्सकाका ओळखायला फार अक्कल लागत नाही. नुसतं म्हणायचं, “काका, शनिवारी डाउनटाउनला मेसीजपाशी भेटू या.”

काका कानातलं यंत्र चाचपतात.

“कुठे म्हणालास?”

“मेसीज. स्टेट स्ट्रीटवर.”

“तिथे असं दुकान नाही.”

“अहो, कोपऱ्यावर ते मोठं घड्याळ नाही का...”

“हां! मग मार्शल फील्ड्स म्हण की. उगाच माणसाला बुचकळ्यात टाकता तुम्ही पोरं.”

मार्शल फील्ड्स हे नाव त्या दुकानावरून 9 सप्टेंबर 2006 ला उतरलं. त्यानंतर जन्मलेली पोरं आता गाडी चालवतात आणि आईबापांना रस्ता चुकवतात. पण काकांच्या लेखी मधल्या काळात त्या जागी काहीही घडलेलं नाही. इमारत तीच, घड्याळ तेच, कोपऱ्यांवरच्या धातूच्या पाट्यांवर ‘मार्शल फील्ड अँड कंपनी’ ही अक्षरंही तीच. बाकी जे दिसतं ते अतिक्रमण. महापालिका कधीतरी उठवेल.

ही जात अमेरिकेत आली ती साधारण 1968 ते 1975 च्या दरम्यान. 1965 च्या कायद्यानं दार उघडलं होतं, आणि मुंबई-पुण्याच्या कॉलेजांतून निघालेले इंजिनियर त्यातून आत सरकत होते. फील्ड्सकाकांना लूपमधल्या, म्हणजे डाउनटाउनच्या, कुठल्यातरी कंपनीत ड्रॉइंग बोर्डापाशी नोकरी लागली. पहिला जानेवारी आला. शिकागोचा जानेवारी काय असतो हे गिरगावात कुणी सांगितलेलं नसतं. तळ्यावरून येणारा वारा कोटाची बटणं मोजत आत शिरतो. अशा एका दुपारी काकांना समोर एक फिरता दरवाजा दिसला. कसलं दुकान आहे वगैरे चौकशी न करता ते त्यात घुसले.

आत गेल्या गेल्या चष्म्यावर वाफ धरली. त्यामुळे काकांना फील्ड्सचं पहिलं दर्शन घडलंच नाही. पहिला घडला तो वास. अत्तरांचा, नव्या कातड्याचा आणि कुठूनतरी येणाऱ्या चॉकलेटचा. चष्मा मफलरनं पुसून डोळ्यांवर चढवला तेव्हा समोर काउंटरमागे पांढऱ्या केसांची एक बाई उभी होती. तिनं काकांच्या नाकातून वाहणाऱ्या पाण्याकडे दुर्लक्ष करून विचारलं, “आपल्याला काय दाखवू, सर?”

काका आजवर दोनच ठिकाणी ‘सर’ हा शब्द वापरत आले होते : मास्तरांसाठी आणि साहेबासाठी. तो आपल्याकडे उलटा येऊ शकतो ही कल्पनाच त्यांना नवी होती. त्यांनी मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. त्या क्षणी मार्शल फील्ड्सला एक आजन्म गिऱ्हाईक मिळालं.

‘गिऱ्हाईक’ ह्या शब्दाला काकूंचा आक्षेप आहे. तो पुढे येईलच.

दुकानाचा इतिहास काकांना मुखोद्गत. भारतातून आलेल्या पाहुण्याला ते विमानतळावरून घरी नेत नाहीत. आधी इतिहासातून नेतात. केनेडी एक्सप्रेसवेवर गाडी अडकली की सुरुवात होते. “मार्शल फील्ड. जन्म 1834. मॅसॅच्युसेट्समधल्या कॉनवेच्या शेतकऱ्याचा मुलगा. 1856 ला शिकागोत आला तो साधा कारकून म्हणून.” कारकून ह्या शब्दावर काका किंचित थांबतात, आपल्या घराण्याचा धागा पाहुण्याच्या ध्यानात यावा म्हणून. मग 1865 ला पॉटर पामर नावाच्या बड्या व्यापाऱ्यानं फील्ड आणि लीवाय लायटर ह्या दोघांना आपल्या धंद्यात भागीदार कसं केलं, स्टेट स्ट्रीटवर दुकान कसं गेलं, आणि ऑक्टोबर 1871 च्या आगीत तीन लाखांच्या शहरातले लाखभर लोक एका रात्रीत उघड्यावर आले तेव्हा दुकानातला माल घोडागाड्यांत भरून लायटरच्या घरी कसा हलवला. काही आठवड्यांतच ट्रामच्या घोड्यांच्या तबेल्यात दुकान पुन्हा सुरू. “तबेल्यात!” काका स्टिअरिंगवर हात आपटतात. “जिथे काल घोडे खरारा करून घेत होते, तिथे आज मडमा रेशीम बघत होत्या.”

‘बाईंना हवं ते द्या’ हे फील्डचं ब्रीद ते असं सांगतात, की गाडीतल्या बाईंना हवं असलेलं पाणी द्यायचं राहून जातं. माल परत घ्यायचा तो का म्हणून न विचारता. बायकांना खरेदी अर्धी टाकून जेवायला घरी जावं लागू नये म्हणून दुकानातच जेवणाची सोय. टोपीच्या विभागात काम करणाऱ्या एका मिसेस हेरिंगबाईंनी घरून आणलेला चिकन पॉट पाय गिऱ्हाइकांना खाऊ घातला आणि त्यातूनच हा थाट उभा राहिला, असं सांगतात. दुकानात पोऱ्या म्हणून लागलेला हॅरी गॉर्डन सेल्फ्रिज हे सगळं शिकला, 1904 ला बाहेर पडला आणि 1909 ला त्यानं थेट लंडनमध्ये जाऊन स्वतःचं दुकान थाटलं. “म्हणजे इंग्रजाला दुकानदारी शिकवली ती आपल्या शिकागोनं,” असं काका म्हणतात, तेव्हा ‘आपल्या’वर जोर असतो.

त्यांचा हुकमी एक्का मात्र पुढेच आहे.

“तो लायटर. फील्डचा भागीदार. 1881 ला धंद्यातून बाहेर पडला. त्याची मुलगी मेरी, जन्म शिकागोचा. 1895 ला तिचं लग्न झालं. सांग कुणाशी?”

पाहुणा बावीस तासांच्या प्रवासातून आलेला असतो. त्याला फक्त बाथरूम हवं असतं.

“जॉर्ज कर्झनशी! वंगभंगवाला लॉर्ड कर्झन! टिळक केसरीतून ज्याच्यावर तुटून पडले तो गृहस्थ आमच्या फील्ड्सच्या घरचा जावई!”

ह्यातली मौज अशी की हे खरं आहे. लायटरची गडगंज संपत्ती ह्या धंद्यातून आणि नंतर शिकागोतल्या जमिनींतून उभी राहिली, आणि कर्झनसाहेबांच्या संसाराला सासऱ्याच्या पैशाचा चांगलाच टेकू होता. 1903 च्या दिल्ली दरबाराच्या वेळी लेडी कर्झन नाचाच्या समारंभात मोरपिसांच्या नक्षीचा जो सुप्रसिद्ध झगा घालून मिरवल्या, त्याच्या कापडावर जर भरली होती हिंदुस्थानी कारागिरांनी, आणि झगा शिवला होता पॅरिसच्या वर्थनं. काका ह्याचा ताळेबंद एका वाक्यात मांडतात : “कारागिरी आपली, शिवणावळ पॅरिसची, बिल शिकागोचं.” वंगभंगाची जबाबदारी मात्र ते दुकानावर येऊ देत नाहीत.

अडचण येते ती दर 1 मे ला. महाराष्ट्र दिनाच्या कार्यक्रमात काका भाषण करतात आणि हा दिवस जगाला शिकागोनं दिला, 1886 च्या हेमार्केटच्या लढ्यातून कामगार दिन आला, हे अभिमानानं सांगतात. एकदा एका आगाऊ पोरानं उठून विचारलं, “काका, त्या खटल्यात फाशीची शिक्षा झालेल्यांना माफी मिळावी म्हणून 1887 ला शहरातले बडे व्यापारी जमले होते, तेव्हा माफीला विरोध कुणी केला?” तो विरोध केला होता मार्शल फील्डनं. शेठजींना कामगार संघटना ह्या शब्दाचीही ॲलर्जी होती. काकांनी पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाले, “ते फील्ड. मी बोलतोय ते फील्ड्सबद्दल.” एका ‘स’नं इतिहासाची एवढी मोठी बाजू सावरल्याचं दुसरं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

पाहुणा गाडीतून उतरतो तेव्हा दुपारचे बारा वाजलेले असतात, आणि सहल सुरू होते. तिचा क्रम ठरलेला. आधी घड्याळ. स्टेट आणि वॉशिंग्टनच्या कोपऱ्यावरचं हे घड्याळ 1897 चं; वजन पावणेआठ टन. लोक एकमेकांसाठी दुकानाच्या काचेत चिठ्ठ्या खोचून ठेवायचे, ते पाहून फील्डनं भेटायची जागा म्हणून घड्याळ लावून टाकलं, अशी दंतकथा आहे. पुढे नॉर्मन रॉकवेलनं त्यावर चित्र काढलं : शिडीवर चढलेला घड्याळजी आपल्या खिशातल्या घड्याळाबरहुकूम ते अजस्र घड्याळ लावतोय. 1945 ला ते ‘सॅटर्डे ईव्हिनिंग पोस्ट’च्या मुखपृष्ठावर आलं. काकांच्या तळघरात त्याची छापील प्रत आहे, देवांच्या तसबिरींपासून आदरपूर्वक दोन फुटांवर. घड्याळाखाली मराठी माणसांना दिलेली वेळ आणि त्यांची यायची वेळ ह्यांतलं अंतर मात्र एवढ्या मोठ्या यंत्रालाही कमी करता आलेलं नाही.

मग आत. पाचव्या मजल्याच्या वर टिफनीचा घुमट, 1907 चा. सोळा लाख काचेच्या तुकड्यांचं काम, सहा हजार चौरस फूट. तो खालून पाहायचा असतो. काका पाहुण्याला बरोबर मधोमध उभं करतात, हनुवटीला बोट लावून मान मागे ढकलतात आणि “पाच मिनिटं” म्हणतात. खाली कॉस्मेटिक्सच्या काउंटरवरच्या मुलींना हे दृश्य सवयीचं आहे. पाहुण्याची मान अवघडली की त्याला सातव्या मजल्यावर वॉलनट रूममध्ये नेतात. हेही 1907 चंच, अक्रोडाच्या लाकडानं मढवलेलं. ख्रिसमसला इथे मधोमध पंचेचाळीस फुटी झाड उभं राहतं आणि त्याच्याखाली जेवायला शिकागोची घराणी पिढ्यानपिढ्या रांग लावतात. फील्ड्सकाकांचं घराणं रांग लावत नाही. ते दारातून पाहतं. एकदाच, मुलगी पदवीधर झाली तेव्हा, सगळे आत बसले होते. काकू शाकाहारी. त्यांनी तो ऐतिहासिक पॉट पाय ‘चिकन काढून’ मिळेल का असं विचारलं. वाढणाऱ्या बाईनं चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता सांगितलं, “मॅडम, मी आत विचारून येते.” काका आजही तो प्रसंग सांगताना सद्गदित होतात. “विचारायला गेली, अरे! हसली नाही!”

आता काकूंचा आक्षेप. त्यांच्याकडे हिशेब तयार आहे. तीस वर्षांत यजमानांनी फील्ड्समध्ये केलेली एकूण खरेदी : एक छत्री, दोन टाय, एक कोट. टाय तळघरातल्या स्वस्ताईच्या विभागातले. शिवाय दर नाताळात साहेबाला द्यायला फ्रँगो मिंटचा एक डबा. कोट परत केला. दोन हिवाळे वापरून.

ह्या जातीच्या प्रत्येक काकांकडे परत केलेल्या एका वस्तूची कथा असते आणि ती ते पराक्रम म्हणून नव्हे, साक्षात्कार म्हणून सांगतात. काउंटरवरच्या माणसानं कोट हातात घेतला. कोपरं घासलेली, खिशात जुन्या ट्रेनचं तिकीट. त्यानं तिकीट काढून काकांच्या हातात दिलं आणि विचारलं, “काही तक्रार, सर?” काका म्हणाले, “ह्यात थंडी थांबत नाही.” बाहेर उणे वीस होतं. त्या माणसानं खिडकीतून बाहेर पाहिलं, कोटाकडे पाहिलं आणि पैसे परत दिले.

“आणि वर विचारता, असलं दुकान बुडालं कसं!” काकू म्हणतात.

“मी तिथे रोज जात होतो,” काका म्हणतात.

“अहो, तुम्ही स्टेट स्ट्रीटच्या दारानं आत शिरत होतात आणि वॉबॅशच्या दारानं बाहेर पडत होतात. गाडी गाठायला. ऊब लागते म्हणून. तुम्ही गिऱ्हाईक नव्हतात, वाटसरू होतात.”

ह्यावर काकांकडे उत्तर नसतं, कारण दुकानानं अख्खा ब्लॉक व्यापलाय आणि चारही बाजूंना रस्ते आहेत, हे त्यांनीच काकूंना कधीतरी कौतुकानं सांगितलेलं असतं.

खरेदी नसली तरी खोकी होती. फील्ड्सचं गडद हिरवं खोकं हा ह्या घराचा कणा. कुठून जमवली हे गुलदस्त्यात. ऑफिसातल्या गोऱ्या बायका भेटवस्तू उघडून टाकून द्यायच्या आणि काका ती ‘पर्यावरणासाठी’ उचलून आणायचे, असा एक प्रवाद आहे. भारतात जाताना बॅगेत खोकं फील्ड्सचं आणि आतला शर्ट भलत्याच दुकानातला. दादर ते डोंबिवली काकांच्या भाच्यांनी मार्शल फील्ड्सचे म्हणून जे शर्ट झिजवले, त्यांची फील्ड्सला गंधवार्ताही नव्हती. आज त्या खोक्यांत काकूंच्या चकल्या असतात, मुलांची प्रशस्तिपत्रं असतात, आणि एकात ग्रीन कार्डाच्या वेळचा सगळा पत्रव्यवहार. झाकण अजून घट्ट बसतं. “आजकालच्या खोक्यांना झाकणच नसतं, नुसती चिकटपट्टी,” हे काकांचं ॲमेझॉनवरचं संपूर्ण भाष्य.

दुकान हातातून कसं गेलं, हे त्यांना विचारलं की मात्र गोष्ट 2005 पासून सुरू होते. वास्तविक ते आधीच चार हातांतून गेलं होतं. 1982 ला ब्रिटिश-अमेरिकन टोबॅकोच्या अमेरिकी कंपनीनं घेतलं; म्हणजे काका ज्या फील्ड्सच्या नीतिमत्तेचे गोडवे गात होते, तिचा मालक सिगारेटवाला होता. 1990 ला मिनिआपोलिसच्या डेटन हडसननं घेतलं, तीच पुढे टार्गेट झाली. 2004 ला ‘मे’ कंपनीनं तीन अब्ज डॉलरांहून अधिक मोजून घेतलं. 2005 ला ‘मे’लाच फेडरेटेडनं गिळलं, आणि मेसीज हे फेडरेटेडचं लाडकं अपत्य. वाडा चार वेळा विकला गेला तरी दारावर आजोबांच्या नावाची पाटी आहे तोवर नातवंडांना त्याची खबरही नसते. पाटी उतरली की मात्र सगळी भाऊबंदकी धावून येते, तसं झालं. 20 सप्टेंबर 2005 ला नाव बदलणार असं जाहीर झालं आणि शिकागो पेटलं. ज्यांनी दहा वर्षांत तिथे पाऊल ठेवलं नव्हतं त्यांचाही कंठ दाटून आला. हजारोंनी सह्यांच्या मोहिमेत सह्या ठोकल्या. न्यूयॉर्कचं नाव आपल्या भिंतीवर? तेही लाल ताऱ्यासकट?

9 सप्टेंबर 2006 ला घड्याळाखाली निदर्शनं झाली. त्यात काका होते. ह्याचं महत्त्व समजायला काकांचं चरित्र पाहायला हवं. संयुक्त महाराष्ट्राच्या वेळी ते शाळेत होते आणि आईनं बाहेर सोडलं नव्हतं. आणीबाणीत ते नेपरव्हिलला लॉन कापत होते. मोर्चा काढायची एक हौस आयुष्यभर आत कोंडलेली. ती ह्या एका दुकानावर फुटली. हातात फलक, अंगात हिरवा स्वेटर, शेजारी लेक फॉरेस्टच्या कुणी मोत्यांची माळ घातलेल्या आजी. दोघांनी मिळून घोषणा दिल्या. काकांना ‘मुर्दाबाद’ला इंग्रजी प्रतिशब्द सापडेना, तेव्हा त्यांनी तो तसाच दिला, आणि आजींनी तो उचलला. आजींच्या घरी फील्ड्सचं फर्निचर होतं, पणजीच्या लग्नातलं चांदीचं ताट होतं. काकांच्या घरी छत्री होती. पण त्या दिवशी दोघांचं दुःख एकाच मापाचं होतं, आणि मला वाटतं, काकांचं किंचित जास्तच होतं.

ते का, हे एकदाच त्यांच्या तोंडून निसटलं. मुंबईत हॉर्नबी रोडवर व्हाइटवे लेडलॉ नावाचं साहेबी दुकान होतं. काकांचे वडील फोर्टात कारकून. रोज त्या काचांवरून जायचे आणि यायचे. आत कधी गेले नाहीत. कुणी अडवलं असतं असंही नाही, नुसतं दारच इतकं उंच होतं. पुढे त्याच इमारतीत खादी भांडार आलं, पण तोवर वडिलांची कोटाची हौस संपली होती. “आणि मी,” काका म्हणाले, “बर्फानं माखलेले बूट घालून आत गेलो, तर ती बाई मला सर म्हणाली.” एवढं सांगून त्यांनी लगेच घुमटाच्या काचांचा आकडा पुन्हा सांगायला घेतला.

काकूंचा हिशेब बिनचूक आहे, पण त्यात ही रक्कम धरलेली नाही. फील्ड्स टाय विकत होतं, कोट विकत होतं, आणि त्याबरोबर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला थोडासा मोठेपणा फुकट वाटत होतं. टाय आणि कोट बाकीच्या दुकानांत स्वस्त मिळू लागले. मोठेपणा वाटायचा खर्च मात्र कुठल्याच मालकाच्या वहीत बसेना. फुकट घेणारे माझ्या काकांसारखे हजारोंनी होते. पैसे देणारे तेवढे नव्हते. आणि सगळ्यात मोठ्यानं रडले ते फुकट घेणारेच, कारण त्यांचं देणं फेडायचं राहून गेलं होतं.

ते देणं काका बहिष्कारानं फेडतायत. बहिष्काराचे नियम कडक आहेत. आत पैसे खर्च करायचे नाहीत. घुमट पाहायला हरकत नाही, तो टिफनीचा. ख्रिसमसच्या खिडक्या रस्त्यावरून पाहायच्या, रस्ता महापालिकेचा. स्वच्छतागृह वापरायचं, कारण ‘नळ फील्ड्सच्या वेळचे आहेत’. फ्रँगो मिंटबद्दल बरीच वर्षं धर्मसंकट होतं : स्टेट स्ट्रीटच्या तेराव्या मजल्यावर होणारं ते चॉकलेट 1999 ला पेनसिल्वेनियात करायला दिलं तेव्हा तर मेयर डेलीसुद्धा संतापले होते. 2017 ला फ्रँगो हे नाव शिकागोच्याच गॅरेट पॉपकॉर्नवाल्यांनी घेतलं आणि काकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. आता ते पॉपकॉर्नच्या दुकानातून डबा आणतात. फ्रँगोचा जन्म मुळात सिॲटलच्या फ्रेडरिक अँड नेल्सनमध्ये झाला आणि फील्ड्सनं 1929 ला ते दुकान विकत घेतलं म्हणून ते इथे आलं, हे त्यांना कुणी सांगू नये.

काकूंना हा बहिष्कार लागू नाही. त्यांच्या पर्समध्ये मेसीजचं कार्ड आहे. त्या लाल ताऱ्याच्या पिशव्या घेऊन बाहेर येतात तेव्हा काका घड्याळाखाली उभे असतात, पाठ दाराकडे करून. पिशव्या मात्र गाडीपर्यंत तेच नेतात. ‘मेसीज’ ही अक्षरं मांडीकडे वळवून.

फेब्रुवारी 2024 मध्ये बातमी आली : मेसीज देशभरातली सुमारे दीडशे दुकानं बंद करणार. मला वाटलं, काका पेढे वाटतील. मी फोन केला, तर आवाज बसलेला.

“यादी आली का रे?”

“कसली?”

“कुठली कुठली बंद होणार त्याची. स्टेट स्ट्रीट आहे का त्यात?”

पुढच्या वर्षी पहिली नावं जाहीर झाली. स्टेट स्ट्रीटचं त्यात नव्हतं. कळवलं तेव्हा काका बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “नाही म्हणजे, इमारतीचं काय झालं असतं? घड्याळाला किल्ली कोण देणार? आणि मी बहिष्कार कुणावर टाकणार?”

त्याच रात्री महाराष्ट्र मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काकांचा निरोप आला. सोबत काकूंच्या ईमेलमधून काढलेलं मेसीजचं तीस टक्के सवलतीचं कूपन. खाली मराठीत : ‘रविवारपर्यंत चालेल. मी जाणार नाही. तुम्ही सगळे अवश्य जा, आणि घेतलेलं परत करू नका.’